भाऊ जेलमधून सुटतोय, त्याला घरी आणू का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात आणि ओळख पटेल असे तपशील काढून: लिहिणाऱ्या ताई ३८ वर्षांच्या आहेत. नवरा, ७ वर्षांचा मुलगा, ४ वर्षांची मुलगी. त्यांचा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा, भांडणात एका माणसाला लोखंडी रॉडने मारलं म्हणून चार वर्षं जेलमध्ये आहे आणि पाच आठवड्यांनी सुटतोय. दोघं लहान असताना वडील मारायचे, जास्त करून ताईंना. ताई १७ वर्षांच्या असताना वडील घर सोडून गेले, आई खचून खोलीबाहेर यायची बंद झाली, आणि पुढच्याच वर्षी ताई शिकायला हॉस्टेलवर गेल्या. तेव्हा भाऊ ११ वर्षांचा होता. आता तो म्हणतो "तुझ्याकडेच येतो, दुसरं कोण आहे मला". आई नातेवाइकांकडे राहते, तिथे त्याला जागा नाही आणि ती म्हणते "तू सोडून गेलीस म्हणून तो बिघडला, आता तूच सांभाळ". नवऱ्याने स्पष्ट सांगितलंय की भाऊ या घरात राहणार नाही. ताई विचारतात: मी जास्त मार खाल्ला आणि मी नीट राहिले, त्याला कमी मार बसला तरी तो असा का झाला? त्याला घरी न आणणं म्हणजे दुसऱ्यांदा सोडून देणं का? आणि शेवटी एक भीती: मागच्या महिन्यात मुलाच्या हातून पाण्याचा ग्लास लॅपटॉपवर सांडला, ताईंचा हात उठला, मारला नाही, पण मुलाने कोपर वर करून तोंड झाकलं. हे आमच्या रक्तातच आहे का? ही गोष्ट त्यांनी नवऱ्यालाही सांगितलेली नाही.

ताई, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा सगळं लक्ष भावावर गेलं, दुसऱ्यांदा तुमच्यावर, आणि तिसऱ्यांदा वाचताना जाणवलं की चार पानांच्या पत्रात ज्याला रॉड लागला त्या माणसाबद्दल एकच ओळ आहे, "समोरच्याचा हात कायमचा अधू झाला". त्याच्याकडे मी परत येणार आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथे दिसतंय.

तुम्ही मनात एक साखळी केलीये. तो बालपणामुळे असा झाला, त्या बालपणात मी त्याला एकटं टाकून गेले, म्हणजे त्याचं जे झालं ते माझ्यामुळे, म्हणजे आता त्याला घरात घेऊन ते फेडायचं. एका दमात म्हटलं की अगदी बरोबर वाटतं. पण एकेक कडी वेगळी ओढून बघितली की काही पक्क्या आहेत आणि काही हातात तुटून येतात.

पहिली कडी पक्की आहे, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. बालपणी झालेला छळ आणि पुढे कायदा मोडणं यांचा संबंध आहे. अमेरिकेत कॅथी स्पॅट्झ विडम या संशोधिकेने १९६७ ते १९७१ या काळातल्या कोर्टाच्या नोंदींमधून ११ वर्षांपर्यंतची अशी ९०८ मुलं निवडली ज्यांच्यावर अत्याचार किंवा ज्यांची हेळसांड झाल्याचं सिद्ध झालं होतं, आणि त्यांच्याच वयाची, तशाच वस्तीतली, तशाच परिस्थितीतली ६६७ मुलं तुलनेला घेतली, आणि मग वर्षानुवर्षं या सगळ्यांचे पोलीस रेकॉर्ड तपासले. १९८९ मध्ये तिचा पहिला पेपर आला. तुमची आई म्हणते ना "त्याला तर कधी फारसं मारलंच नाही, मग काय झालं याला", त्याचं उत्तर त्या पेपरात आहे. मोठेपणी किंवा अल्पवयात हिंसक गुन्ह्यासाठी अटक झालेल्यांचं प्रमाण, मार खाल्लेल्या मुलांमध्ये साधारण १६ टक्के होतं, ज्यांच्याकडे नुसतं दुर्लक्ष झालं होतं त्यांच्यात साडेबारा टक्के, आणि तुलनेच्या गटात ८ टक्के. म्हणजे कुणी बोटही लावलं नाही तरी नुसतं टाकून दिल्याने हिंसेचा धोका वाढतो. लोकांना हे पटत नाही कारण दुर्लक्षाचा वळ उठत नाही.

तुमच्याच पत्रातलं सांगते. तुम्ही हॉस्टेलवरून दर रविवारी फोन करायचात, तो म्हणायचा "सगळं ठीक आहे", आणि सुट्टीत घरी गेलात तेव्हा कळलं की तो दोन महिने शाळेतच गेला नव्हता आणि हे घरात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. घरातले सगळे दिवे चालू ठेवून झोपायचा. ११ वर्षांचा मुलगा दोन महिने सकाळी कुठे जातो हे कुणाला माहीत नाही, ही गोष्ट मला त्या माराच्या वर्णनापेक्षा जास्त लागली. मार खाणाऱ्या मुलाला निदान एवढं कळतं की आपण कुणाच्या तरी डोळ्यांत आहोत, भले रागाने का होईना (मी माराचं समर्थन करत नाहीये, प्लीज तसं घेऊ नका). त्या मुलाला काय कळलं असेल? आपण असलो काय नसलो काय. आणि मग ज्या मुलांनी त्याला जवळ केलं त्यांनी कशासाठी केलं हे बघायची त्याला गरज वाटली नसणार.

आणि वयाचाही भाग आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात १९८८ पासून हजार मुलांचा दीर्घकाळ अभ्यास झाला, त्यात दिसलं की ज्यांचा त्रास लहानपणीच थांबला त्यांच्यापेक्षा ज्यांना किशोरवयात त्रास झाला किंवा तिथपर्यंत चालू राहिला ती मुलं पुढे जास्त अडचणीत आली. तुमचा मारही किशोरवयापर्यंत चालला, पण १७ व्या वर्षी थांबला, वर्षभरात तुम्ही बाहेर पडलात, नवीन माणसं भेटली. त्याचं एकटेपण ११ व्या वर्षी सुरू झालं आणि ऐन वयात येण्याच्या काळात चालू राहिलं. एकाच छपराखाली दोन भावंडं वाढली म्हणून दोघांचं घर एकच होतं असं नसतं. म्हणून "मी नीट राहिले, मग त्याला काय झालं होतं" ही तुलना, ताई, सोडून द्या. ती त्याच्यावर अन्याय करते आणि तुमच्यावरही, कारण तुम्ही नीट राहिलात हे काही आपोआप झालेलं नाही.

आता याच आकड्यांची दुसरी बाजू. विडम यांनी पुढे काही वर्षांनी परत रेकॉर्ड तपासले तेव्हा त्रास झालेल्या गटात हिंसक गुन्ह्यासाठी अटक झालेले १०० मागे १८ होते, तुलनेच्या गटात १४. फरक खरा आहे. पण उरलेले ८२? त्यांनीही तेच सोसलं होतं आणि हिंसक गुन्ह्यासाठी त्यांना तोवर कधी अटक झाली नव्हती. त्यातले कितीतरी आतून मोडले असतील, नैराश्य, व्यसन, तुटलेली नाती, ते वेगळं दुःख आहे आणि त्याची नोंद पोलीस स्टेशनात होत नाही. पण "असं बालपण असलं की माणूस असाच होणार" हे वाक्य त्या ८२ जणांच्या तोंडावर दार लावल्यासारखं आहे. ते वाक्य तुमच्या भावाच्याही कामाचं नाही, कारण बालपण तर आता बदलता येणार नाही, मग त्याने पुढे बदलायचं तरी कशाला?

मग मधे नेमकं काय घडतं? तुमच्या पत्रात एक बारीकशी गोष्ट आहे, तुम्ही सहज लिहून गेलात. भेटीच्या खोलीत तो प्रत्येक वेळी खुर्ची उचलून भिंतीला पाठ लावून बसतो आणि बोलताना त्याची नजर तुमच्यावर कमी आणि दारावर जास्त असते. आणि गुन्ह्याबद्दल लिहिलंय की तो माणूस कुणाशी तरी बोलत हसला, याला वाटलं मला हसतोय. या दोन गोष्टी एकच आहेत. १९९० मध्ये केनेथ डॉज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शाळेत जायच्या आधीच्या, चार वर्षांच्या आसपासच्या मुलांवर अभ्यास केला होता. ज्या मुलांना घरी मार बसला होता ती, काहीही मुद्दाम केलेलं नसतानाही, समोरच्याने मुद्दाम केलं असंच धरून चालायची, आजूबाजूच्या खुणा नीट बघायची नाहीत आणि भांडण मिटवायचे दुसरे मार्ग त्यांना सुचायचे नाहीत, आणि हीच मुलं पुढे वर्गात जास्त मारामारी करायची. विचार केला तर ते शहाणपणच होतं एका काळी. ज्या घरात दारात किल्ली फिरल्याच्या आवाजावरून आज मार बसणार की नाही हे ओळखावं लागतं, तिथे धोका नसताना धोका दिसला तर फार बिघडत नाही, पण धोका असताना दिसला नाही तर महागात पडतं. तुम्ही लिहिलंय ना, किल्लीचा आवाज आला की तुम्ही त्याला कपाटात बसवून त्याच्या कानांवर स्वतःचे तळहात ठेवायचात. तेव्हा तो मार खात नव्हता, पण सगळं शिकत होता. घर सुटलं, वडील गेले, तो अलार्म मात्र तसाच वाजत राहिला.

हे समजलं की रागाची धार कमी होते आणि व्हायलाच हवी. पण इथेच मला तुम्हाला थोडं थांबवायचंय. अलार्म वाजला ही त्याची चूक नाही. रॉड उचलला ही त्याची आहे. मला कल्पना आहे की या दोन वाक्यांमध्ये जागा फार थोडी आहे, एखाद्या सेकंदाची असेल, पण तो बदलणार असेल तर त्याच एका सेकंदात बदलणार आहे, म्हणून ती जागा बालपणाच्या नावाखाली बुजवू नका. तुमच्या आई म्हणतात "तो तरी काय करणार बिचारा". ऐकायला माया आहे, पण त्याचा अर्थ होतो की त्याच्या हातात काहीच नाही. आणि ज्याच्या हातात काहीच नाही अशा माणसाला ४ वर्षांच्या मुलीच्या शेजारच्या खोलीत ठेवायचं?

तो अधू हाताचा माणूस. त्याचं बालपण कसं होतं आपल्याला माहीत नाही, कदाचित तुमच्या भावापेक्षा वाईट असेल. पुढच्या भेटीत भावाला त्याच्याबद्दल विचारा. चौकशी करायच्या आवाजात नको, साधं विचारा, "त्याचा विचार येतो का कधी?" आणि गप्प राहून ऐका. "त्याने मला उचकवलं", "वकिलाने नीट केस लढवली नाही", "तुम्ही कुणी माझ्या पाठीशी नव्हता", एवढंच आलं तर समजा की अजून बराच रस्ता बाकी आहे. तो गडबडला, रडला, "तो आता काम कसं करत असेल" असं काही म्हणाला, तर तिथे काहीतरी जागं आहे. पहिल्याच वेळी सुंदर उत्तर आलं तर त्यानेही फार हुरळून जाऊ नका, आत राहून माणसं योग्य उत्तरं पाठ करतात. मला वाटतं घरी आणायचं की नाही हे त्याच्या ११ व्या वर्षी काय झालं त्यावरून ठरूच शकत नाही, ते आज ३१ व्या वर्षी तो काय करतोय त्यावरून ठरतं. आतल्या दारूबंदीमुळे नाही तर स्वतःहून तो दारूपासून लांब आहे का, भांडणं झाली का, काही शिकला का, समुपदेशकाला भेटला का, की कुणी बोलावलं नाही म्हणून गेला नाही. हे सगळं विचारता येतं. तुम्ही चार वर्षं भेटायला जाताय आणि तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही, कारण तुम्ही प्रत्येक भेटीत मनातल्या मनात माफी मागत बसता.

त्या माफीबद्दल. तुम्ही १८ वर्षांच्या होतात. १८ वर्षांची, अंगावर वळ असलेली मुलगी स्वतःला वाचवून शिकायला गेली, याला सोडून जाणं म्हणत नाहीत. त्या मुलाला सोडून गेले ते वडील. खोलीचं दार लावून घेतलं ते आईने, आणि त्या आजारी असणार, खूप आजारी, त्यांना तेव्हा उपचार मिळायला हवे होते, मी त्यांना गुन्हेगार ठरवत नाहीये. दोन महिने एक मुलगा वर्गात नाही म्हणून घरी चौकशीला न येणाऱ्या शाळेतही मोठी माणसंच होती. तुमच्या जाण्याने तो एकटा पडला हे खरं आहे, ते मी खोटं पाडणार नाही, त्याचं वाईट वाटणं बरोबरच आहे. पण वाईट वाटणं वेगळं आणि दोषी असणं वेगळं. आईने स्वतःचं ओझं तुमच्या खांद्यावर ठेवलंय, कारण त्यांना ते पेलवत नाही. पुढच्या वेळी "तू सोडून गेलीस" आलं की वाद घालू नका, एवढंच म्हणा, "आई, मी तेव्हा मुलगी होते, त्याची आई नव्हते." आणि विषय बदला.

तुम्ही कशाने तरलात तेही तुम्ही लिहिलंय, पण ओझरतं. वरच्या मजल्यावरच्या काकू ज्या अभ्यासाला स्वतःच्या घरात बसू द्यायच्या आणि काहीच विचारायच्या नाहीत, आणि त्या गणिताच्या बाई ज्यांनी स्कॉलरशिपचा फॉर्म भरून घेतला. हवाईतल्या कवाई बेटावर एमी वर्नर यांनी १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा अभ्यास अनेक दशकं चालवला. त्यातली साधारण एक तृतीयांश मुलं गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांची व्यसनं किंवा मानसिक आजार अशा बऱ्याच गोष्टी एकदम सोसत होती, आणि तरी त्या मुलांपैकी तिसरा हिस्सा पुढे छान, कर्तबगार, माया करणारी माणसं झाली. त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे निदान एका स्थिर मोठ्या माणसाशी पक्कं नातं, आजी असो, शेजारी असो, शिक्षक असो. तुम्हाला दोन मिळाली. त्याला तुम्ही एकच होतात आणि तुम्ही स्वतःच अजून मोठ्या झाला नव्हता. त्याच अभ्यासातला दुसरा भाग भावासाठी लक्षात ठेवा: किशोरवयात भरकटलेल्यांपैकीही बरेच जण तिशीपर्यंत सावरले होते. तसंच बॉस्टनमधल्या ५०० गुन्हेगार मुलांची जुनी कागदपत्रं रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब यांनी शोधून काढली, त्या माणसांचा सत्तरीपर्यंत माग काढला, आणि त्यांना दिसलं की बहुतेक जण कधी ना कधी गुन्हे सोडतात आणि त्यात टिकाऊ नोकरी, चांगला जोडीदार, रोजच्या दिवसाला मिळालेली शिस्त यांचा मोठा वाटा असतो. ३१ म्हणजे उशीर नाही झालेला.

आता मुख्य गोष्ट, घर. माझं मत विचारलंत तर निदान पहिलं वर्ष त्याला तुमच्या घरात राहायला आणू नका. तुमच्या नवऱ्याचं मी इथे ऐकेन. त्यांची बोलण्याची पद्धत कडक असेल पण ते ज्याची काळजी करतायत ती खरी आहे. सुटल्यानंतरचे पहिले काही महिने सगळ्यात नाजूक असतात, परत चुकण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते, आणि त्या काळात जो माणूस प्रत्येक हसण्याकडे संशयाने बघतो त्याला दोन लहान मुलांच्या रोजच्या आरडाओरड्यात, दार आपटण्यात, दबक्या आवाजातल्या नवराबायकोच्या बोलण्यात ठेवणं हे त्याच्यासाठीही सोपं नाहीये. त्याला वाटणार हे माझ्याबद्दलच बोलतायत. आणि बऱ्याचदा तुम्ही बोलतच असाल!

पण "घरी नाही" म्हणजे "माझं तुझं नातं नाही" असं नाही, हे त्याला सुटायच्या आधी, समोरासमोर आणि नेमक्या शब्दांत कळायला हवं. गोल गोल बोलू नका. दाराशी आल्यावर नाही म्हणणं हे त्याच्यासाठी खरंच दुसऱ्यांदा सोडून देणं होईल. असं काहीतरी म्हणता येईल: "तू माझा भाऊ आहेस, मी कुठे जात नाहीये. पण तू माझ्या घरात राहणार नाहीस. तुझ्यासाठी खोली बघायला मी मदत करेन, तीन महिन्यांचं भाडं मी थेट मालकाला देईन, दर बुधवारी आणि रविवारी मी तुला भेटेन." वार ठरवून सांगा. आणि मग ते पाळा, पाऊस असो काही असो. ज्याला रविवारच्या फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणायची सवय लागली त्याला कुणीतरी येऊन प्रत्यक्ष बघणं लागतं. जेवढं नक्की जमेल तेवढंच कबूल करा, आठवड्यातून एकदाच जमत असेल तर एकदाच.

रोख पैसे हातात देऊ नका, भाडं, डॉक्टर, कोर्सची फी असं जे असेल ते परस्पर भरा. खोलीची सोय सुटायच्या आधी करा, जेलमध्ये कल्याण अधिकारी किंवा समुपदेशक असेल तर त्यांना आत्ताच भेटा, सुटून आलेल्यांना राहायला आणि काम शोधायला मदत करणाऱ्या संस्था असतात, त्यांची माहिती त्यांच्याकडे असते. सुटकेला कसल्या अटी आहेत, कुठे हजेरी लावायची आहे, हे कागदावर मागून घ्या, तोंडी नको. रागावर आणि ट्रॉमावर काम करणारा थेरपिस्ट शोधा. तो अलार्म कमी करता येतो, समोरच्याच्या हसण्याचे दुसरे अर्थ काय असू शकतात हे अक्षरशः सराव करून शिकता येतं. तो नको म्हणेल. तरी तीन महिन्यांच्या भाड्यासोबत ही अट ठेवा असं मला वाटतं, भाकड अटींची यादी करण्यापेक्षा दोनच अटी पण पक्क्या: थेरपीला जायचं, आणि दारू पिऊन भेटायला यायचं नाही. मोडली तर काय होणार हेही आधीच सांगा, आणि ते तुम्हाला खरंच करता येईल असंच काहीतरी सांगा.

मुलांची भेट व्हावी, पण पहिल्या काही भेटी बाहेर, एखाद्या बागेत, तासाभराच्या, तुम्ही दोघंही हजर असताना. त्यांना एकटं त्याच्यासोबत सोडायचं नाही, हा नियम त्याला शिक्षा म्हणून नाही, त्याच्यावर आळ येऊ नये म्हणूनही आहे. मुलांना खोटं सांगू नका. "मामाने एका माणसाला खूप मारलं होतं, ते चुकीचं होतं, म्हणून त्याला लांब राहावं लागलं, आता तो परत आलाय आणि नीट वागायला शिकतोय" एवढं ७ वर्षांच्या मुलाला पुरतं. तो विचारेल "मला मारेल का?" तेव्हा "छे छे" म्हणून उडवू नका. सांगा, "म्हणूनच आम्ही दोघं सोबत असणार आहोत." आणि कधीही तुम्हाला त्याची भीती वाटली, धमकी दिली, वस्तू फेकली, तर भाऊ आहे म्हणून थांबू नका, मुलांना घेऊन तिथून निघा आणि पोलिसांना फोन करा. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल माहितीये, पण आधी ठरवून ठेवलं नाही तर ऐन वेळी बहिणीचं मन हात धरतं.

उरला तुमचा हात. रक्ताचं विचारलंत. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरातल्या मुलांच्या एका दीर्घ अभ्यासात २००२ मध्ये एक जीन चर्चेत आला होता, आणि गंमत अशी की तो जीन एकटा फारसं काही करत नव्हता, लहानपणी छळ झालेल्यांमध्येच त्याचा फरक दिसत होता, पुढच्या काही अभ्यासांत तर तेवढंही ठळक दिसलं नाही. म्हणजे रक्तात लिहून ठेवलेलं असं काही नाही. शिकलेलं आहे, आणि शिकलेलं तुमच्या हातात उतरलंय, ते तुम्ही स्वतः बघितलंत. पण बघा, हात उठला आणि थांबला. तुम्हाला मुलाचं कोपर दिसलं. सेल्मा फ्रायबर्ग या बालमानसतज्ञ बाईंनी १९७५ मध्ये अशा आयांबद्दल लिहिलं होतं ज्यांनी स्वतः लहानपणी खूप सोसलं होतं, आणि त्यांचं निरीक्षण असं की नुसती घटना आठवून उपयोग होत नाही, ज्यांना तेव्हाचं दुखणं, ती भीती आठवते त्या आपल्या मुलाला तिथे पोचू देत नाहीत. ज्यांनी ते दुखणं बंद करून ठेवलेलं असतं त्यांच्या हातून तेच परत होतं. तुम्ही लिहिलंय की ते कोपर बघून तुम्हाला पोटात ढवळून आलं, बाथरूममध्ये जाऊन बसलात. ते ढवळणं वाईट लक्षण नाही.

आता तेवढ्यावर सोडायचं नाही मात्र. मुलगा ७ वर्षांचा आहे, त्याने कोपर का वर केलं? याआधी कधी हात उठला होता का, की तुमचा चेहरा बघूनच त्याला कळलं? हे स्वतःला खरं खरं विचारा. मग त्याच्याजवळ जा, महिना झाला असला तरी चालतं, आणि सांगा, "त्या दिवशी ग्लास सांडला तेव्हा मी तुला घाबरवलं. चूक माझी होती. सांडण्यासाठी कुणी मार खायचा नसतो." पण-बिण जोडू नका, "पण तू पण बघून चालत जा" वगैरे. आणि राग चढायला लागला की काय करायचं हे आधी ठरवा: दोन पावलं मागे, हात पाठीमागे, खोलीबाहेर. मुलांना सांगून ठेवा की आई बाहेर गेली म्हणजे शांत व्हायला गेली, ती परत येणार आहे. स्वतःसाठी समुपदेशक शोधा, फक्त भावासाठी नको. तुम्ही २० वर्षं त्याच्या कानांवर हात ठेवून बसलाय, तुमचे कान कुणी झाकले नाहीत.

ज्यांच्या घरात जेलची गोष्ट नाही पण असंच काहीतरी आहे, व्यसनी भाऊ, मारणारा दीर, सारखा भांडून येणारा भाचा, त्यांनाही मी हेच सांगेन. का झालं ते जरूर समजून घ्या, आणि घराची किल्ली देताना आज काय चाललंय ते बघून द्या. आणि तुमच्या इमारतीत एखादं मूल असेल, शाळेच्या वेळेला जिन्यात बसलेलं, ज्याच्या घरातून कुणी हाक मारत नाही, तर त्या वरच्या मजल्यावरच्या काकूंसारखं त्याला आत बसायला एक खुर्ची द्या. मार बसतोय अशी शंका आली तर बालसुरक्षेच्या हेल्पलाइनला कळवा, खात्री होईपर्यंत थांबू नका, खात्री करणं त्यांचं काम आहे.

ताई, पाच आठवडे आहेत. खोली, अधिकारी, थेरपिस्ट ही कामं तुम्हाला एकटीला होणार नाहीत आणि नवऱ्याशी भांडून तर नाहीच नाही. म्हणून सुरुवात भावाच्या विषयाने करू नका. आज रात्री मुलं झोपल्यावर नवऱ्याला त्या ग्लासाची गोष्ट सांगा, बाथरूममध्ये बसलात तिथपर्यंत सगळी.